रोमच्या वेशीबाहेर



राजधानीच्या शहरात राजाचे पाहावयास मिळते; रयतेचे पाहावयाचे असेल तर वेशीबाहेर पडावे लागते. युरोपच्या सहलीस जाणारी आपली माणसे हल्ली धाराशिव-लातुराकडचीही पुष्कळ असतात, आणि त्यात मला आनंदच आहे. परंतु ती माणसे दहा दिवसांत पाच राजधान्या उरकतात. रोमच्या वाट्याला दीड दिवस येतो. त्यात कलोसियम बाहेरून, व्हॅटिकन रांगेतून, आणि त्रेवीच्या कारंज्यात पाठमोरे उभे राहून टाकलेले एक नाणे. रोम पाहून झाले! मला आज रोमविषयी बोलावयाचे नाही. रोममध्ये बिऱ्हाड ठेवून, सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा तीन लहान सफरींविषयी बोलावयाचे आहे. त्या तिन्हींचे दुसरे टोक आपल्या जिल्ह्यात, तेर गावी बांधलेले आहे, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या दोन सफरींचे टोक तर पुराव्यानिशी दाखविता येते. तिसरीचे टोक जरा सैल आहे, तेही सांगेन.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने मला रोमला जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर तीन दिवस मोकळे होते. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते बाजार समितीच्या आवारात आणि वाचनालयात. पण जाण्यापूर्वी सहा महिने एक पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचीत होतो: इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला 'पेरिप्लस', शॉफ ह्यांनी १९१२ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरात. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. तो इजिप्तकडचा दर्यावर्दी व्यापारी असावा. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, वारा कोणत्या महिन्यात सुटतो, एवढ्याशीच त्याला कर्तव्य. राजेरजवाड्यांची स्तुती त्यात नाही, म्हणूनच मला ते आवडले.

ह्या पुस्तकात आपले गाव आहे. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तेथून अवघड, रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर माल भडोचला येतो. पैठणहून येतात गोमेदासारखे दगड. तगरहून काय येते? पुष्कळसे साधे कापड, नाना तऱ्हेचे तलम कापड, आणि जांभळट रंगाचे कापड.

हे तगर कोणते, ह्यावर विद्वानांत बरीच वर्षे वाद चालला. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट ह्यांनी अंतरे आणि नावे ताडून तगर म्हणजे तेर असा निर्णय दिला, आणि पुढच्या उत्खननांनी तो पक्का केला. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणाऱ्यांनाही आपले मूळ तेरला सांगण्यात भूषण वाटे. आज धाराशिवहून तेरला जाण्यास तासभरही लागत नाही, तरी ह्या सभागृहातल्या कितीजणांनी तेरचे संग्रहालय पाहिले आहे, हे विचारून मी तुम्हांला संकोचात टाकीत नाही.

त्या यादीतला 'साधे कापड' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तलम मलमलीचे कौतुक सर्वांनीच केले. पण साधे कापड पुष्कळ निघते ह्याचा अर्थ पुष्कळ घरांत टकळ्या, पुष्कळ घरांत माग. तेरणेच्या काठी सूत कातणाऱ्या बायका आणि कोष्टी ह्यांच्या श्रमावर ते 'फार मोठे शहर' उभे होते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपले जाडेभरडे कापड घालून रोमन लोक फिरत होते, असे व्यासपीठावरून ठोकून देणे सोपे आहे. पेरिप्लस तसे सांगत नाही. भारतातले साधे कापड पूर्व आफ्रिकेच्या आणि तांबड्या समुद्राच्या बंदरांतच बरेचसे खपे. उंची माल इजिप्तच्या बंदरात उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडी, नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला पोचे, पंचवीस टक्के जकात भरी, आणि मग जहाजाने इटलीस जाई. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे हाती आले आहेत. प्लिनीने तक्रार केली आहे की भारत दरसाल आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ह्या पाच कोटींतले तेरच्या कातणारणीच्या पदरात किती पडले, ही तक्रार मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

आता सफरींच्या आखणीकडे वळू. पहिला नियम असा की बिऱ्हाड हलवावयाचे नाही. रोज सामान बांधणे-सोडणे ह्यात अर्धा दिवस जातो. दुसरा नियम सुट्टीचे वार पाहण्याचा. ओस्तियाचे अवशेष सोमवारी बंद असतात आणि नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी. मी ओस्तिया आधी ठेवले, नेपल्स-पाँपेई दुसऱ्या दिवशी, कासिनो तिसऱ्या. कारण माल प्रथम धक्क्यावर उतरतो, मग घरात जातो. त्याच क्रमाने पाहावे म्हणजे डोक्यात गोंधळ होत नाही.

ओस्तिया हे तायबर नदीच्या मुखाशी रोमचे जुने बंदर. रोममधील पिरॅमिडाजवळच्या स्टेशनातून लोकल गाडी सुटते आणि अर्ध्या तासात पोचविते. जाताना डब्यात कामावर निघालेली माणसे असतात, सहलवाले कमी. तेथे नाट्यगृहामागे एक मोठा चौक आहे आणि त्याच्या तीन बाजूंनी साठेक लहान खोल्या. प्रत्येक खोलीपुढे जमिनीवर काळ्यापांढऱ्या खड्यांची नक्षी, आणि नक्षीत त्या पेढीची पाटी: दोरखंड वळणारे, कातडे कमावणारे, अमुक बंदराचे जहाजवाले. एका पाटीवर हत्ती आहे. तो पाहताच आपल्याला तो आपला वाटतो; पण खाली सब्राथा हे नाव आहे, म्हणजे हत्ती आफ्रिकेतला. प्रवाशाने अशा ठिकाणी मोह आवरावा.

त्या काळच्या इटलीत धंद्याधंद्यांचे संघ असत. त्यांना आजच्या अर्थाने युनियन म्हणणे चूक आहे. त्यांत मालकही असत, अंत्यविधीचा खर्च आणि मेजवान्या हे त्यांचे मोठे काम असे. तथापि धक्क्यावरच्या हमालांना स्वतंत्र नाव होते आणि त्यांची गणती होती. बंदरातल्या एका शिल्पपटात हमाल खांद्यावर मातीचे उंच रांजण घेऊन फळीवरून उतरताना दाखविले आहेत, आणि खाली मेजाशी बसलेले कारकून प्रत्येक खेपेस एकेक बिल्ला देत आहेत. ते चित्र पाहून मी किती वेळ उभा राहिलो ते सांगता येणार नाही. खेपेला बिल्ला, बिल्ल्यावर मजुरी, आणि संध्याकाळी बिल्ले कमी भरले की मुकादमाशी तंटा! बाजार समितीत तोलाई-हमालीचा हिशेब ज्याने केला आहे त्याला हे समजावून सांगण्यास पुरातत्त्ववेत्ता नको. शंभर किलोचे पोते पन्नास किलोचे व्हावे म्हणून आपल्याकडे हमालांना किती झगडावे लागले, आणि माथाडी कायदा १९६९ साली झाल्यावरही तो तालुक्याच्या गावी लागू करून घेण्यास आणखी किती वर्षे गेली, हे येथे बसलेल्या काहींना ठाऊक आहे. त्या शिल्पातल्या कारकुनांच्या हाती लेखण्या आहेत. हमालांचे चेहरे आहेत, नावे नाहीत.

नदीच्या मुखातील गाळामुळे ओस्तिया अपुरे पडू लागले तेव्हा क्लॉडियस बादशहाने इसवी सन ४२ मध्ये उत्तरेस नवे बंदर खोदावयास घेतले, आणि पुढे त्राजनाने आत षट्कोनी धक्का बांधला. प्रत्येक बाजू साडेतीनशे मीटरांहून लांब. तो पाण्याने भरलेला षट्कोन आजही आहे, आणि रोमचा विमानतळ त्याच्या शेजारीच आहे. विमान उतरताना डावी-उजवीकडे पाहत राहावे. नशीब असेल तर दिसतो. म्हणजे भारतातून जाणारा मनुष्य रोमला पाय ठेवतो तो जुन्या बंदराच्या दारातच.

दुसऱ्या दिवशीची सफर लांबची. रोमहून वेगवान गाडीने नेपल्सला सव्वा तासाच्या आसपास लागतो. तेथून दुसरी लहान गाडी व्हेसूव्हियसच्या पायथ्याने पाँपेईला अर्ध्या-पाऊण तासात नेते. पहाटेची गाडी धरावी, आधी पाँपेई पाहावे, दुपारनंतर नेपल्सचे संग्रहालय. नोव्हेंबर २०२४ पासून पाँपेईत दिवसाला वीस हजारांहून अधिक लोकांना सोडत नाहीत आणि तिकिटावर प्रवाशाचे नाव घालतात. म्हणून तिकीट आधी काढून ठेवणे बरे.

पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेले हे शाळेतले मूलही जाणते. तेथील मोठ्या रस्त्यावर, ज्याला आज विपुलतेचा रस्ता म्हणतात, चालू लागले की दोन्ही बाजूंना दुकाने. स्तेफानस नावाच्या धोब्याचा कारखाना तेथे आहे. धोबी म्हणजे नुसते कपडे धुणारा नव्हे. नवे विणलेले लोकरी कापड तुडवून, घट्ट करून, पांढरे करून देणारा. त्यासाठी लागे शिळे मूत्र. दिवसभर त्या हौदांत उभे राहून पायांनी कापड तुडविणाऱ्या माणसांच्या पायांचे काय होत असेल, हे रंगखात्यात काम केलेल्याने ओळखावे. ह्याच धोब्यांच्या संघाने युमाकिया नावाच्या श्रीमंत बाईचा पुतळा उभारला होता, तो आजही पाहावयास मिळतो. देणगीदाराचा पुतळा उभारण्याची हौस अशी जुनी आहे.

भिंतींवर लाल-काळ्या रंगाने निवडणुकीचा प्रचार. अशा अडीच हजारांहून अधिक नोंदी सापडल्या आहेत. फळविके सर्व मिळून अमुक उमेदवारासाठी विनंती करतात, खेचरवाले तमुकासाठी. एके ठिकाणी झोपाळूंनी आणि दुसरीकडे रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांनी एकाच उमेदवारास पाठिंबा दिला आहे. हे विरोधकांचे काम असावे किंवा गंमत असावी. असेलिनाच्या खानावळीच्या भिंतीवर बायकांच्या नावाने पाठिंबा लिहिला आहे, आणि बायकांना तर मत नव्हते! मताशिवाय मत सांगण्याचे त्यांचे ते धैर्य मला उमेदवारांपेक्षा मोठे वाटले.

पण ज्या नोंदीसाठी मी पाँपेईला गेलो ती रंगात लिहिलेली नाही. तेरेन्तियस युडोक्सस ह्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराच्या भिंतीवर ती खरवडलेली आढळली. ती यादी आहे. व्हितालिस, फ्लोरेन्तिना, अमारिलिस, यानुआरिया, लालागे, दामालिस, दोरिस आणि आणखी काही; आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिला त्या दिवशी तोलून दिलेली लोकर. कातणाऱ्या बायकांचा हा हजेरीपट आहे. बहुधा त्या गुलाम होत्या. कोणी लिहिला असेल? मालकाच्या कारभाऱ्याने, हिशेबासाठी. त्याला त्या बायकांची आठवण राहावी अशी मुळीच इच्छा नव्हती, आज किती काम निघाले एवढेच हवे होते. पण एकोणीसशे वर्षांहून अधिक काळाने दोरिसचे नाव आपण घेतो. हजेरीपट जपून ठेवा असे मी आमच्या लोकांना तीस वर्षे सांगत आलो आहे ते काही इतिहासासाठी नव्हे, भविष्यनिर्वाह निधीच्या दाव्यासाठी. परंतु दोन्ही कामे एकच कागद करतो.

ह्याच गावात, त्याच विपुलतेच्या रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ साली मायुरी ह्यांना एक हस्तिदंती बाहुली सापडली. उंची पंचवीस सेंटिमीटरच्या आत. अंगभर दागिने, दोहों बाजूंस शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दोन दासी, आणि वरून खाली पाडलेले भोक, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या मेजाचा पाय असावी असा तर्क करतात. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असे पुष्कळ विद्वान म्हणतात. ही बाहुली नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तीही 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, कारण तिच्या अंगावर दागिन्यांखेरीज विशेष काही नाही. त्या दालनात शिरताना मलाही थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

आणि आता तेरला या. तेरच्या संग्रहालयात, ज्याला रामलिंगप्पा लामतुरे ह्यांचे नाव दिले आहे आणि ज्यांनी आयुष्यभर गावातल्या टेकाडांवरून ह्या वस्तू वेचल्या, तेथे हिची बहीण उभी आहे. तीही हस्तिदंती. तेच भरगच्च दागिने, तशीच घडण, तशीच उभे राहण्याची ढब. भोकरदनच्या उत्खननातही अशाच मूर्तीचा खालचा भाग निघाला. म्हणून पाँपेईची बाहुली आपल्या ह्याच मुलखात कोरली गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तेरलाच कोरली, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिच्या बुडाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. वाटेत कोणत्या व्यापाऱ्याने खूण केली की आणखी काही, ह्याचा उलगडा होत नाही. मला एवढे पुरेसे आहे की मनुष्य तेरला पाहिलेली बाई नेपल्सला पाहून ओळखू शकतो.

नेपल्सहून वेळ उरला तर पोत्सुओलीला जावे. शहराच्या लोकलचे ते शेवटचे स्टेशन. त्राजनाचे बंदर होईपर्यंत पूर्वेकडचा माल मुख्यत्वे येथेच उतरे. जुन्या मंडईचे तीन खांब उभे आहेत, त्यांना समुद्रातल्या शिंपल्यांनी मधोमध पोखरले आहे, कारण तेथील जमीन खाली जाते आणि वर येते. मी तेथे तासभरच होतो. पण ह्या गावच्या एका सावकार घराण्याचा, आन्नियस प्लोकामस ह्याचा, लिसास नावाचा गुलाम होता. इजिप्तच्या वाळवंटात, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने इसवी सन ६ मध्ये एका खडकावर आपले नाव दोन भाषांत कोरून ठेवले आहे. मालकाचे नाव आहेच. पण आधी स्वतःचे.

तिसरी सफर कासिनोची. रोमहून साध्या गाडीने दोन तासांच्या आसपास. येथे तेरचा संबंध नाही, हे मी आरंभीच म्हटले. १९४४ च्या लढाईसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील युद्धस्मशानात एक स्मारक आहे, त्यावर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे ह्यांचे नाव शोधावे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा तरुण, पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत. १० जुलै १९४४ रोजी तायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सर्व मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोन्तोने ह्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. ते गाव उत्तरेस आहे, रोमहून एका दिवसाच्या सफरीत बसवू नये. परंतु पहिल्या दिवशी ओस्तियाच्या काठी पाहिलेली नदी ती हीच.

परतताना गाडीत मला आपल्याकडच्या नोंदी आठवत होत्या. आपल्या देशी कामकऱ्यांनी काही लिहून ठेवले नाही असे नव्हे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे: गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापणे ठेव म्हणून ठेवली, एकीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे पाऊण. म्हणजे कोष्ट्यांचा संघ ठेवी घेत होता, आणि राजाचा जावई त्याच्यावर विश्वास टाकीत होता. त्याच लेण्यांत पुढच्या काळातला तेल्यांच्या आणि कुंभारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी, हे काम आम्ही केले, असे लिहून ठेवले. आपल्याकडे धंद्याचे नाव राहिले, संघाचे नाव राहिले. त्यातल्या माणसाचे राहिले नाही. पाँपेईत उलट झाले. कोणते बरे, ह्याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. संघ टिकावा म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसाने पहिल्या बाजूने बोलावे. पण दोरिसचे नाव वाचल्यावर तसे बोलवत नाही.

तेरला चापेकरांनी १९५८ साली उत्खनन केले, पुढे आणखी झाली. रोमन बनावटीच्या आणि त्या धर्तीच्या वस्तू, मातीच्या बाहुल्या, मणी, दिवे असे पुष्कळ निघाले. कातणाऱ्यांची यादी निघाली नाही. निघण्याचा संभव थोडा, कारण आपल्याकडे असा हिशेब ताडपत्रावर किंवा कापडावर होई, आणि तेरणेकाठच्या ओलीत ते टिकत नाही.

तेरने नावानिशी जपलेला कष्टकरी आहे तो हजार-बाराशे वर्षांनंतरचा, आणि तो कोष्टी नव्हे, कुंभार. गोरोबाकाकांची समाधी नदीकाठीच आहे, १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीची, आणि चैत्रातली यात्रा आता जवळ आली आहे. यात्रेला जाणाऱ्यांनी तासभर राखून ठेवावा. समाधीपासून संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि जाताना वाटेत त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ लागते, तेही त्या जुन्या शहराच्याच काळाकडे बोट दाखविणारे. हस्तिदंती बाई काचेच्या कपाटात आहे. तिच्याकडे पाहताना नेपल्सला तिची बहीण गुप्त दालनात ठेवली आहे, हे सोबतच्या मुलांना सांगावे की नाही, ते आईबापांनी ठरवावे.